कमी डिग्रीचा थर्मोस्टॅट: बसवायचा का, आणि बसवायचा तर कोणता?

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट लागला की कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतातच. मुलं सावली शोधत असतात आणि कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेत असतं. पुढे ती गाडी गॅरेजला जाते आणि तिथे बहुतेक वेळा दोनपैकी एक सल्ला मिळतो. "थर्मोस्टॅट वॉल काढूनच टाकू," नाहीतर "कमी डिग्रीचा टाकू, गाडी थंड राहील." हा वॉल म्हणजे इंजिनातल्या गरम पाण्याची रेडिएटरकडची वाट तापमानानुसार उघडणारी-मिटणारी झडप.

माझ्याकडे तेराशे सीसीची जुनी पेट्रोल गाडी आहे. तिच्यासाठी मी हे दोन्ही सल्ले ऐकले आणि दोन्ही अमलातही आणले. वॉल काढल्यावर डिसेंबरात सकाळी तापमानाचा काटा तळाशीच राहू लागला, लिटरमागे मिळणारे किलोमीटर कमी झाले, ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ मळी जमू लागली. एवढं सोसूनही मे महिन्यात घाटात काटा पुन्हा लाल रेषेकडे गेलाच. खरं कारण रेडिएटरच्या आत होतं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं होतं आणि क्षाराने निम्म्या नळ्या बुजल्या होत्या. नवा रेडिएटर आणि मूळ आकड्याचा थर्मोस्टॅट घातल्यावर गाडी शांत झाली. नंतर एका वेगळ्या कारणासाठी मी एक पायरी खालचा थर्मोस्टॅट घातला, तो आजही चालू आहे. तेव्हा मी या भागाच्या विरोधात नाही. पण तो कशासाठी घ्यायचा हे आधी पक्कं कळायला हवं, म्हणून हा लेख.

हा भाग करतो काय

इंजिनातून गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव (बोलताना आपण त्याला पाणीच म्हणतो), वरच्या होज पाइपने रेडिएटरकडे जातं. त्या वाटेवर, किंवा काही गाड्यांत परतीच्या वाटेवर, मुठीत मावेल एवढा एक वॉल असतो. त्याच्या पोटात पितळेची छोटी डबी आणि डबीत खास मेण. ठरावीक तापमानाला मेण वितळतं, वितळताना फुगतं, आत बसवलेल्या दांडीवर दाब देतं आणि स्प्रिंगच्या विरोधात झडप उघडते. थंड झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग झडप बंद करते. साध्या थर्मोस्टॅटमध्ये वीज नाही, संगणक नाही. १९३०च्या दशकात निघालेली ही मेणाची युक्ती आजही बहुतेक गाड्यांत तशीच आहे.

झडपेच्या कडेवर एक आकडा ठोकलेला असतो: ७१, ७६.५, ८२, ८८ किंवा ९२. हा आकडा झडप उघडायला सुरुवात होण्याचा. पूर्ण उघडायला साधारण आणखी १० ते १३ अंश लागतात. ८२चा वॉल ९५च्या आसपास पूर्ण उघडतो, ८८चा १००च्या आसपास. सपाट रस्त्यावर निवांत जाताना झडप अर्धवट उघडी असते आणि इंजिन त्या आकड्याच्या थोडं वर, दोन-पाच अंशांत खेळत राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. थर्मोस्टॅट ठरवतो ते इंजिनाचं कमीत कमी तापमान. जास्तीत जास्त तापमान तो ठरवतच नाही. झडप एकदा पूर्ण उघडली की त्याचं काम संपलं. त्यापुढे काटा किती वर जाईल ते रेडिएटर किती मोठा आणि किती स्वच्छ आहे, पंखा फिरतो का, वॉटर पंप पाणी ढकलतो का आणि बाहेरची हवा किती तापलेली आहे यावर अवलंबून असतं. घाटात गाडी ११० अंशांवर जाते तेव्हा ८८चा वॉल केव्हाच पूर्ण उघडलेला असतो. तिथे ७१चा असता तरी तोही पूर्ण उघडाच असता. फरक एवढाच की चढाला सुरुवात करताना इंजिन थोडं थंड असतं, आणि ती सवलत घाटाच्या पहिल्या काही मिनिटांत संपते.

उन्हाचाही एक हिशेब आहे, तो फारसा कुणी मांडत नाही. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. नागपुरात मे महिन्यात हवा ४५ अंश आणि कूलंट ९० अंश असेल तर फरक ४५चा. तेच इंजिन ८० अंशांवर ठेवायचं म्हटलं तर फरक उरतो ३५. म्हणजे तेवढीच उष्णता टाकायला रेडिएटरला हाताशी जवळजवळ पाव भाग कमी बळ. जिथे ऊन सगळ्यात जास्त, तिथेच कमी अंशाच्या थर्मोस्टॅटचा उपयोग सगळ्यात कमी.

वॉल काढून टाकण्याबद्दल

याला माझा स्पष्ट नकार आहे. गॅरेजमध्ये सांगतात की वॉल काढला तर पाणी मोकळं फिरतं. अनेक इंजिनांत मात्र थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला दुसरी छोटी चकती असते. वरची झडप उघडते तशी ही चकती खालची आडवाट, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट, बंद करते, म्हणून सगळं कूलंट रेडिएटरमधून जातं. वॉल काढला की ती आडवाट कायमची उघडी राहते. गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथे इंजिनात फिरतो आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

याच्या उलटाही एक समज आहे: वॉल नसला की पाणी फार वेगाने पळतं, म्हणून त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. हेही खरं नाही. पाणी वेगाने फिरलं तर रेडिएटर एकूण उष्णता जास्तच टाकतो. वॉल काढल्यावर गाडी तापते ती या आडवाटेमुळे.

पहिली पायरी: आधी मोजा

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. नव्या गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. साधारण ७५पासून १०५पर्यंत तो हलतच नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायची जागा) लावायचं ब्लूटूथचं छोटं उपकरण, ईएलएम ३२७ नावाने मिळतं ते, मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान दाखवतं. ओबीडी नसलेल्या जुन्या गाडीला थर्मोस्टॅटच्या घरावर, म्हणजे तो ज्या धातूच्या आवरणात बसतो त्यावर, लेझर थर्मामीटर रोखता येतो. तिथे अ‍ॅल्युमिनियम चकचकीत असेल तर तो बरंच कमी तापमान दाखवतो, म्हणून आधी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा चिकटवा आणि त्यावर रोखा.

निदान एक आठवडा आकडे लिहून ठेवा. सकाळी सुरू केल्यावर किती मिनिटांत किती, मोकळ्या रस्त्यावर किती, सिग्नलला उभं असताना किती, पंखा कितीला लागतो आणि कितीला थांबतो, घाटात किती. एसी लावून आणि बंद करून. या कागदाशिवाय थर्मोस्टॅट विकत घेणं म्हणजे ताप न मोजता औषध घेणं.

दुसरी पायरी: दुखणं दुसरीकडे नाही ना?

तुमच्या कागदावरचे आकडेच बरंच सांगतात. सिग्नलला उभं असताना तापमान चढतं आणि गाडी पळायला लागली की उतरतं? पंखा, त्याचा रिले किंवा स्विच बघा. उलट, गावात ठीक आणि हायवेला ऐंशीच्या वेगाने चढतं? मग रेडिएटर आतून बुजलेला, किंवा त्याच्या आणि एसी कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीच्या) मध्ये कचरा अडकलेला. विदर्भ-खानदेशात कापसाचे तंतू, उसाच्या पट्ट्यात पाचटाचा बारीक भुगा, चिखलात गाडी घालणाऱ्यांच्या बाबतीत वाळलेला चिखल. हा थर समोरून दिसत नाही, कंडेन्सर पुढे असतो. टॉर्च घेऊन वरून फटीत बघा. इंजिनाच्या बाजूने, पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर पंपाच्या धारेने पत्र्याच्या नाजूक पात्या आडव्या होतात, तो उपाय नको.

मग झाकण. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा, बारमध्ये. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण आणि ०.९ दाबाचं चांगलं झाकण असेल तर उकळबिंदू सव्वाशे अंशांच्या आसपास जातो. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा फायदा गेला, आणि गाडी १०८च्या आसपासच उकळू लागते. झाकण काही शे रुपयांचं आहे, पहिल्यांदा तेच बदलावं. आणि गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि ते वाफ होऊन अंगावर येतं. घाटात हात भाजण्याचं कारण बहुधा हेच असतं. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज पाइप दाबून बघा, मऊ लागला तरच फडकं धरून हळूहळू उघडा.

टाकीत बुडबुडे सतत येत असतील, कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ येत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधल्या पातळ पट्टीची) शंका धरून जाणत्या मेकॅनिककडे जा. अशा गाडीला कोणताही थर्मोस्टॅट वाचवणार नाही.

तिसरी पायरी: मूळ आकडा आणि वॉल कुठे बसतो ते शोधा

गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये थर्मोस्टॅट उघडायला लागण्याचं आणि पूर्ण उघडण्याचं तापमान दिलेलं असतं. ते नसेल तर जुना वॉल काढल्यावर कडेवरचा आकडा वाचा. गाड्यागाड्यांत फरक असतो. टोयोटाच्या अनेक पेट्रोल इंजिनांत ८२, होंडाच्या अनेक इंजिनांत ७८. होंडाचा आकडा बघून ती गाडी मुळातच थंड चालते असं समजू नका. त्या इंजिनांत वॉल रेडिएटरमधून परत येणाऱ्या थंड पाण्याच्या बाजूला बसतो, त्यामुळे त्याला गरम आणि थंड यांचं मिश्रण लागतं, म्हणून आकडा खाली. इंजिनाच्या डोक्यात तापमान नव्वदीच्या जवळच असतं. दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावायचा नाही तो यामुळेच.

अमेरिकन व्हिडिओंमधून १६०, १८०, १९५ असे आकडे कानावर येतात. ते फॅरनहाइट आहेत: अनुक्रमे ७१, ८२ आणि ९०.५ अंश सेल्सिअस. तिकडे १६०च्या वॉलला एक इतिहास आहे. पूर्वी थंडीत पाणी गोठू नये म्हणून रेडिएटरमध्ये अल्कोहोल घालत, आणि ते लवकर उडून जातं म्हणून इंजिन थंड ठेवावं लागे. पुढे ग्लायकॉलचं कूलंट आलं, १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून धुराचे नियम कडक होत गेले, आणि १९५ प्रचलित झाला. आज तिकडे १६० विकत घेतात ते मुख्यत्वे शर्यतीसाठी ताकद वाढवलेल्या मोठ्या व्ही-८ इंजिनांना. त्यांचा रेडिएटर, पंखे आणि संगणकातलं पेट्रोल-ठिणगीचं गणित सगळंच बदललेलं असतं.

चौथी पायरी: आकडा निवडा

इंजिनं नव्वदीत चालवण्यामागे कंपन्यांचा विचार आहे. त्या तापमानाला पेट्रोलची वाफ नीट होते, ऑइल योग्य पातळ राहतं, पिस्टनच्या कडेने खाली उतरलेला पाण्याचा अंश ऑइलमधून उडून जातो. इंजिन सतत थंड ठेवलं तर संगणक त्याला "अजून तापायचंय" असं समजून जास्त पेट्रोल सोडतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि घर्षण वाढतं. रोज चार किलोमीटर ऑफिसला जाऊन परत येणाऱ्या गाडीला तर जास्त तापायची गरज असते, कमी नव्हे.

मग खालचा आकडा कुणी घ्यावा? माझ्या मते तीन प्रकारच्या लोकांनी.

टर्बो किंवा ताकद वाढवलेलं इंजिन असणाऱ्यांनी, विशेषतः कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकसारख्या ठिकाणी गाडी पळवणाऱ्यांनी. सिलिंडरच्या भिंती थोड्या थंड असल्या की मिश्रणाचा काही भाग ज्वाला पोचण्याआधीच आपोआप पेटण्याची, म्हणजे नॉकिंगची (टकटक होण्याची) शक्यता कमी होते.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीवाल्यांनी, जर उन्हाळ्यात चढावर इंजिन टकटक करत असेल आणि टायमिंग, प्लग, पेट्रोल सगळं तपासून झालं असेल. माझं कारण हेच होतं. ८८चा काढून ८२चा घातला आणि घाटात तिसऱ्या गिअरवर येणारी टकटक बरीच कमी झाली. उकळण्याशी याचा संबंध नव्हता.

तिसरे म्हणजे ज्यांच्या इंजिनाला कंपनीनेच दोन आकडे दिलेत. काही जुन्या इंजिनांना थंड प्रदेशासाठी ८८ आणि उष्ण प्रदेशासाठी ८२ असे दोन्ही वॉल चालतात. मॅन्युअलमध्ये तसं असेल तर महाराष्ट्रात खुशाल ८२ घ्या.

आकडा निवडताना मी एकच नियम पाळतो: एका वेळी एकच पायरी खाली. ९२ असेल तर ८८, ८८ असेल तर ८२. मूळ ८२ असेल तर ७६.५पर्यंत, आणि तेही ठोस कारण असेल तर. रस्त्यावरच्या गाडीला ७१ नको.

पंख्याचा आकडा विसरू नका. थर्मोस्टॅट ८२चा पण पंखा ९८ला लागणारा असेल, तर पुण्याच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी ९८लाच जाणार. खालच्या थर्मोस्टॅटचा फायदा फक्त मोकळ्या रस्त्यावर. जुन्या गाडीत खालच्या आकड्याचा पंख्याचा स्विच मिळतो, तो जोडीने बदलता येतो. पण पंखा बंद होण्याचं तापमान थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानापेक्षा वर हवं, नाहीतर पंखा थांबणारच नाही. समजा थर्मोस्टॅट ८२चा आहे, तर पंखा ९२ला सुरू आणि ८७ला बंद अशी जोडी चालेल.

कुणी मुळीच घेऊ नये

एप्रिल २०२०पासून आपल्याकडे बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले. त्यानंतरच्या गाडीचा संगणक कूलंट वेळेत ठरावीक तापमानाला पोचतं का हे बघतो. नाही पोचलं तर पी०१२८ हा कोड नोंदवून चेक इंजिनचा दिवा लावतो. गाडी वॉरंटीत असेल तर बदललेला वॉल हे क्लेम नाकारायला आयतं कारण होतं. बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर विचारही करू नये. काजळी जाळून फिल्टर साफ करायची प्रक्रिया बऱ्याच गाड्यांत इंजिन पुरेसं तापल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि फिल्टर बुजला तर त्याचा खर्च थर्मोस्टॅटच्या कितीतरी पट.

बीएमडब्ल्यूसह अनेक युरोपीय गाड्यांत थर्मोस्टॅटच्या मेणात विजेचा छोटा हीटर असतो. हलक्या ओझ्यावर संगणक इंजिन शंभरीच्या वर ठेवतो आणि जोर लागताच हीटर चालू करून झडप लवकर उघडतो. जे काम तुम्हाला हवंय ते ती गाडी स्वतःच करते. तिथे मूळ भागच घाला.

सीएनजी असेल तर आकडा बदलण्यापेक्षा कूलंटमध्ये हवा राहू न देणं महत्त्वाचं. गॅसचा दाब उतरताना रेड्युसर, म्हणजे दाब कमी करणारा भाग, थंडगार पडतो आणि त्याला ऊब मिळते ती इंजिनाच्या कूलंटमधूनच. त्या बारीक पाइपमध्ये हवा अडकली तर रेड्युसर गोठतो आणि गाडी झटके देते.

पाचवी पायरी: दुकानात

जुना वॉल सोबत घेऊन जा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलात तर काउंटरवर दहा सारखे दिसणारे वॉल ठेवतील. व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) असेल तर कडेचा व्यास मोजा, एक मिलिमीटरचा फरकही चालत नाही. खाली आडवाट बंद करणारी चकती होती का, आणि तिची उंची तेवढीच आहे का ते बघा. कडेवर छोट्या भोकात हलणारी पिन असते, हवा सुटण्यासाठी. जुन्याला असेल तर नव्याला हवीच. रबर रिंग किंवा गॅस्केट नवं घ्या. आकडा ठोकलेला नसेल तर तो वॉल घेऊ नका.

सहावी पायरी: पातेल्यात परीक्षा

नवा वॉल थेट गाडीत बसवायचा नाही. मला या सगळ्या कामात आवडणारा भाग हाच. एक जुनं पातेलं घ्या, जे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. झडप बोटाने किंचित उघडून फटीत शिवणाचा दोरा धरा आणि सोडा. दोरा चिमटीत बसतो. त्या दोऱ्याने वॉल पाण्यात असा लटकवा की तळाला किंवा कडेला टेकणार नाही. शेजारी शंभरीच्या वर मोजणारा थर्मामीटर. गॅस मंद, आणि पाणी मधूनमधून ढवळत राहायचं, नाहीतर खालचं आणि वरचं तापमान वेगळं येतं.

माझा ८२चा वॉल लटकवला तेव्हा ७९पर्यंत काही झालं नाही. ८१ला डबीभोवती बारीक बुडबुडे धरले होते, वॉल दोऱ्यावर किंचित फिरला. थर्मामीटरचा पारा ८२ आणि ८३च्या मध्ये असताना झडपेने दोरा सोडला आणि वॉल टप्पकन तळाशी बसला. चिमट्याने वर काढून परत धरला, पाणी ९५ला नेलं आणि पट्टी लावून झडप किती उचलली ते बघितलं: आठ मिलिमीटरच्या थोडं वर. मग गॅस बंद. थंड होताना झडप हळूहळू पूर्ण बंद झाली. उजेडासमोर धरून फट राहिली नाही ना ते पाहिलं. दोन-तीन अंश इकडेतिकडे चालतात. पाच अंशांचा फरक आला तर वॉल परत करा.

उंचीचा परिणाम इथे लक्षात ठेवा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. पुणे ५६० मीटरवर, म्हणजे उघड्या पातेल्यात पाणी ९८च्या आसपासच उकळतं. ८८चा वॉल पूर्ण उघडायला १०० लागतात, ते तिथे कधीच मिळणार नाहीत. वॉल खराब आहे असं समजून दुकानदाराशी वाद घालू नका. दोरा सुटण्याचं तापमान बघा, ते पुरेसं आहे.

सातवी पायरी: बसवणं

इंजिन पूर्ण थंड, शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी. रेडिएटरच्या खालच्या चावीतून दोन-तीन लिटर कूलंट स्वच्छ घमेल्यात काढा. ते विषारी आहे आणि चवीला गोड असतं, कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतू शकतं. घमेलं उघडं ठेवू नका, गटारात ओतू नका. वरचा होज सोडा, थर्मोस्टॅटच्या घराचे दोन-तीन बोल्ट काढा. जुनं गॅस्केट लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा गेला की तिथूनच गळती सुरू.

स्प्रिंग आणि मेणाची डबी नेहमी इंजिनाच्या बाजूला. उलटा बसवला तर गरम पाणी डबीपर्यंत वेळेत पोचत नाही आणि गाडी हमखास उकळते. हवेची पिन सगळ्यात वर, घड्याळात बारा वाजतात त्या जागी, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. बोल्ट छोटे असतात. आळीपाळीने, मनगटाच्या जोराने आवळा, लांब पान्याने नको.

भरताना निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी, किंवा तयार मिश्रण. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, माझ्या रेडिएटरचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. गाडीचं नाक चढावर येईल अशी उभी करा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आणि थंड इंजिन सुरू करा. वरचा होज मधूनमधून दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. बुडबुडे थांबून पातळी स्थिर झाली आणि कूलंट फुगून वर यायला लागलं की लगेच झाकण लावा. मग पंखा दोनदा लागून थांबेपर्यंत चालू ठेवा. हीटरमधून गरम हवा एकसारखी येत असेल तर हवा निघाली. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो शोधा.

आठवी पायरी: पुन्हा तोच कागद

पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. तापमान एकसारखं चढत जाऊन वॉलच्या आकड्याजवळ एकदम दोन-चार अंश खाली यायला हवं, कारण रेडिएटरमधलं थंड पाणी आत शिरलेलं असतं. त्याच क्षणी वरचा होज झटकन गरम होतो. मोकळ्या रस्त्यावर ८२चा वॉल असेल तर ८४ ते ८८ दिसायला हवेत. सत्तरीतच रेंगाळत असेल तर वॉल नीट बंद होत नाही. दोन हजार किलोमीटरने लिटरमागचं अंतर मोजा आणि ऑइलच्या झाकणाखाली बोट फिरवून बघा. मायलेज घसरलं असेल किंवा दुधाळ मळी दिसली तर मूळ आकड्यावर परत जा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, कूलंटची पातळी बघा. उरलेली हवा निघाल्यामुळे थोडी उतरलेली असते. आणि एका छोट्या पत्र्याच्या पट्टीवर आकडा, तारीख आणि किलोमीटर कोरून ती होजच्या क्लिपला तारेने बांधा. पुढच्या मेकॅनिकला स्कॅनरवर ८४ दिसले की तो वॉल बिघडलाय असं समजून काढायला जाईल. जुना चांगला वॉल ऑइलच्या फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा.